कामरेजचं वांगं, जळगावचं नाव

आमच्या ह्यांच्या जिभेला हाड नाही, हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण त्या जिभेपायी एक दिवस कायदा आमच्या लारीसमोर येऊन उभा राहील, असं काही वाटलं नव्हतं.

सुरतेत पांडेसऱ्यात आमची खायची लारी, म्हणजे हातगाडी, आहे, घराच्या ओट्याला लागूनच. हे आधी कापड रंगवायच्या मिलमध्ये होते. तिथल्या वाफेनं छाती धरली, डॉक्टरनं डोळे वटारले, आणि मिल सुटली. एरवी आम्ही भजी-वडे करतो, पण थंडी पडली की फक्त भरीत. भरीत म्हणजे आपल्याकडचं हं. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, त्यावर वांगं काळं पडेस्तोवर भाजायचं, सोलून लाकडी काठवटीत ठेचायचं, मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. गॅसवर भाजलेल्या वांग्याला कोणी माझ्यासमोर भरीत म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. गिऱ्हाईक असलं तरी नाही.

लारीवर बोर्ड होता. वर मोठ्या अक्षरात ‘अस्सल जळगावचं भरीत’, आणि खाली ‘जळगावची भरिताची वांगी मिळतील’. घरी नेऊन करणाऱ्यांसाठी कच्च्या वांग्यांची टोपली बाजूला असायची. उधना, लिंबायत, पार कोसाडच्या वसाहतीतून लोक गाडीला किक मारून यायचे. सगळे आपलेच, खान्देशातले. बोर्ड वाचतानाच त्यांचे चेहरे बदलायचे. एक बाई तर टोपलीतलं वांगं उचलून नाकाला लावायची आणि म्हणायची, माहेरी जाऊन आल्यासारखं झालं. अशा वेळी मला आपण काहीतरी मोठं काम करतोय असं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

ती वांगी माझ्या धाकट्या भावाची. तो आधी सुरतेत कापडाच्या मागावर होता. पण त्या खडखडाटात त्याचं मन कधी रमलंच नाही. शेवटी सुरतेजवळ कामरेजला एका पटेलांची जमीन त्यानं बटईनं केली. सभोवार ऊसच ऊस, आणि मध्ये ह्याचं वांग्याचं रान. बियाणं गावाकडचं, मायनं राखेत घोळून ठेवलेलं. बांधावर दोन ओळी कपाशी लावतो, ती कापसासाठी नाही तर भरिताला काड्या हव्यात म्हणून. पटेल म्हणे त्याला हसतात. ते मोठं, फिकट हिरवं वांगं सुरतेच्या बाजारात नेलं तर व्यापारी विचारतात, हे वांगं की दुधी? त्यांना लहान, काळी-जांभळी वांगी लागतात. म्हणजे थंडीभर त्याचा सगळा माल माझ्या लारीवर आणि माझ्या टोपलीतच जायचा. दुसरं गिऱ्हाईक त्याला नव्हतंच.

तर एका रविवारी संध्याकाळी एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं आपल्याकडचंच. भरीत खाल्लं, भाकरी परत मागून घेतली, ‘ताई, हाताला चव आहे’ म्हणाले. मी खूश. मग टोपलीतलं वांगं उचलून त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं.

“हे कुठलं?”

“बोर्ड वाचला नाही का? जळगावचं,” मी म्हटलं.

“जळगावला कुठल्या शिवारातलं?”

मी तोंड उघडायच्या आत हे भाकरीची परात सोडून पुढं आले. “अहो, कामरेजचं! माझ्या साल्याचं शेत आहे तिथं. या ना एकदा, दाखवतो. असं वांगं तुम्हाला अख्ख्या जळगावात मिळायचं नाही!”

आणि मी? मी ह्यांना कोपरानं ढोसलं असेल असं कोणाला वाटेल. कशाचं काय! मीही मान डोलवत म्हटलं, “आज सकाळीच तोडलंय.” जळगावचं वांगं कामरेजला पिकतं, यात काही खटकण्यासारखं आहे, हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नाही. आमची मुलगी सुरतेच्या दवाखान्यात जन्मली, म्हणून काय ती सुरती झाली? कोणी गाव विचारलं तर आम्ही जळगावच सांगतो. वांग्याचंही तसंच.

गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, बोर्डाचा फोटो घेतला, टोपलीचा घेतला. “ह्या वांग्याच्या नावाला मानांकन मिळालेलं आहे, माहीत असेल तुम्हाला,” म्हणाले. “पुढच्या रविवारी येतो, तेव्हा बोलू.” आणि गेले.

मानांकन म्हणजे काय, कोणाला ठाऊक! मला वाटलं, बक्षीसबिक्षीस असेल. ह्यांना तर वाटलं, आपल्या लारीचा फोटो पेपरात येणार.

मुलगी हिशेबाच्या ऑफिसात काम करते. रात्री जेवताना तिला सांगितलं, तर तिचा घास हातातच राहिला. ताट बाजूला सारून तिनं मोबाइल काढला आणि वाचत सुटली. तिनं समजावलं ते असं, की एखादी वस्तू ज्या भागात पिकते, तिथल्या माती-पाण्यामुळे तिला जो गुण येतो, त्याच्यासाठी त्या भागाचं नाव सरकारदरबारी राखून ठेवतात. भौगोलिक मानांकन म्हणतात त्याला. जळगावच्या भरिताच्या वांग्याला ते मिळालंय. मग ते नाव त्या भागात पिकवणाऱ्यांनीच लावायचं. दुसरीकडचा माल त्या नावानं विकला तर गुन्हा. दंड होतो.

“नुसता दंडच ना?” ह्यांनी विचारलं.

मुलीनं स्क्रीनवरून नजर वर केली नाही. “त्याच्यापुढचंही लिहिलंय, पप्पा.”

पण मी काय गप्प बसणार! “बी तिथलं,” मी म्हटलं, “लावणारे हात तिथले, भाजणारी मी तिथली, खाणारी तोंडं तिथली. माती तेवढी इथली. तेवढ्यावरून परकं झालं ते?”

“मम्मी, कायद्यात मातीच बघतात,” ती म्हणाली.

मला असा राग आला म्हणता! कायद्याचा आला, पोरीचा आला, आणि सगळ्यात जास्त ह्यांचा. ‘कामरेजचं’ म्हणून उड्या मारायची काही गरज होती का? ह्यांचं आपलं एकच, “मी खोटं कुठं बोललो?” हे ऐकून तर मी आणखीनच भडकले, कारण ते खरंच खोटं बोलले नव्हते.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. मोटारसायकल थांबली की मी आधी टोपलीवर गोणपाट टाकायची, मग बघायची कोण आहे ते. एकदा तर ते विजेचं मीटर बघणारे निघाले. माझं तोंड बघून त्यांनीच विचारलं, बेन, तबियत बरी आहे ना? भरितात मीठ दोनदा पडलं. गिऱ्हाईकानं ‘जळगावचंच ना?’ असं नेहमीसारखं विचारलं की मी मान नुसती हलवायची, ना धड हो, ना धड नाही. बोर्डावर मी धुवायच्या निमित्तानं जुनी साडी टाकली, तर हे म्हणाले, “मयताला झाकतात तसं काय करतेस?” मी त्यांच्यावर अशी ओरडले की शेजारीण बाहेर आली.

भावाला काही सांगितलं नव्हतं. त्याला काय सांगायचं? तो नेहमीसारखा टेम्पोतून क्रेट उतरवायचा, चहा प्यायचा, यंदा वांगं कसं धरलंय ते सांगायचा. त्याच्या बोलण्यात इतका उत्साह असायचा की मी मान खाली घालून पात चिरत बसायची.

मधेच एक गंमत झाली. म्हणजे तेव्हा ती गंमत वाटली नाही. मी पापडी, म्हणजे वालाच्या शेंगा, घ्यायला गेले. भाजीवाला ओरडत होता, “असली कतारगामनी पापडी!” थंडीत सुरती माणूस पापडीसाठी जीव टाकतो, आणि तीही कतारगामचीच हवी. मी त्याला म्हटलं, “कतारगामला आता पापडी पिकते कुठं रे? तिथं तर सगळे हिऱ्याचे कारखाने नि बिल्डिंगा. लोकांना उल्लू बनवतोस?” तोंडाला आलं ते बोलून घेतलं. त्यानं शांतपणे माझ्याकडं बघितलं. आमच्याच भागातला, मला ओळखणारा. “बेन, तमारां वेंगणनी जेम,” म्हणाला. तुमच्या वांग्यासारखंच. मी पापडी तशीच टाकून घरी आले.

घरी येऊन बसले आणि मग नीट विचार केला. घोडं कुठं अडलंय ते सरळ दिसत होतं. जळगावचं नाव ठेवायचं तर वांगी जळगावहून मागवायला हवीत, म्हणजे भावाचा माल बंद. भावाचा माल ठेवायचा तर जळगावचं नाव पुसायला हवं, आणि नाव पुसलं तर माझ्याकडं कोण येणार? वांग्याचं भरीत सुरतेत हजार जण करतात. लोक कोसाडहून येतात ते त्या नावासाठी. धाकट्या भावाला मी कडेवर घेऊन वाढवलंय. त्याच्या तोंडातला घास काढायचा, की आपल्या? दिवसभर डोकं फिरत होतं. देवापुढं दिवा लावतानासुद्धा मनात तेच.

रविवारी गृहस्थ आले. मी आधीच कंबर कसून उभी होते. “तुम्ही सरकारी माणूस आहात का?” पहिलाच सवाल टाकला.

“नाही हो ताई,” ते म्हणाले. “मी वांगी लावणारा. भावाच्या मुलीला सुरतेत दिलंय, तिच्याकडं येतो अधूनमधून. आम्ही गावाकडच्या काही जणांनी मिळून ह्या नावासाठी धावपळ केली. कागद केले, चकरा मारल्या, तेव्हा कुठं हाती आलं.”

माझा आवाज एकदम खाली आला. ह्यांनी स्टूल पुढं केलं. ते बसले आणि सांगायला लागले. कुठंही जा, म्हणाले, पुण्याला, नाशकाला, इंदूरला, जिथं तिथं जळगावचं वांगं. कोणी कुठलंही आणतो आणि हे नाव लावतो. लोक खातात, पचपचीत लागतं, आणि म्हणतात, जळगावच्या वांग्यात आता काही राम राहिला नाही. शिव्या आम्ही खातो.

“पण आमच्या वांग्यात काय खोट आहे? तुम्ही भाकरी परत मागितलीत!” मी म्हटलं.

“खोट नाही. चांगलंच आहे. पण ताई, तुमचं चांगलं म्हणून तुम्हाला सूट दिली तर दुसऱ्याला कशी अडवू?” त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. “जळगावी पद्धतीचं भरीत म्हणा, कोण नाही म्हणतंय? पद्धत तुमची जळगावचीच आहे. फक्त वांग्याला ते नाव लावू नका. आमच्याकडं दुसरं आहे काय?”

शेवटचं वाक्य त्यांनी इतकं हळू म्हटलं, की मी भांडायला घेतलेलं सगळं विसरले. दमदाटी केली असती तर मी दोन हात केले असते. पण ते तर माझ्या भावासारखेच बोलत होते. तसाच रापलेला हात, वांगं धरायची तीच रीत, देठाला धक्का न लावता. जाताना त्यांनी आपला नंबर दिला. खरी जळगावची हवी असतील तर रोज गाडीत टाकून देतो, म्हणाले.

ते गेल्यावर हे म्हणाले, “मागवून टाकू. नाव राहील, भीती जाईल.”

“आणि भाऊ?”

हे स्टूल उचलून आत घेऊन गेले. मग मी ठरवलं, एका झटक्यात, मी नेहमी ठरवते तसं. नकोच ते नाव! नावापेक्षा भाऊ मोठा. गिऱ्हाईक गेलं तर गेलं, पुन्हा भजी तळू. दुसऱ्याच दिवशी पेंटरला बोलावलं. ‘जळगाव’ जिथं जिथं होतं तिथं पांढरा रंग मारायला लावला, आणि वर ठळक, हिरव्या रंगात लिहून घेतलं: ‘कामरेजच्या वांग्याचं भरीत’. रंग ओला होता, तरी मी बोर्ड लावून घेतला. कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं. मला वाटलं, भाऊ बघेल तेव्हा त्याला किती बरं वाटेल. त्याच्या शेताचं नाव सुरतेत बोर्डावर!

संध्याकाळी टेम्पो आला. भाऊ क्रेट खांद्यावर घेऊन उतरला आणि तिथंच थांबला.

“ताई, हाई कोनी करं?”

हे कोणी केलं, असं तो विचारत होता. आम्ही दोघं अहिराणीतच बोलतो, पण सगळं तसंच लिहीत नाही. मी हसत हसत सांगितलं, मीच केलं. गृहस्थांचं सांगितलं, कायद्याचं सांगितलं, माझ्या आठवड्याचं सांगितलं. “आता कोणी काही म्हणू शकत नाही बघ. तुझी वांगी, तुझं गाव. ताठ मानेनं विकू.”

त्यानं क्रेट खाली ठेवला. बोर्डाकडं बघतच राहिला.

“कामरेज माझं गाव कधी झालं?” तो म्हणाला.

मी पदराला हात पुसले.

“तिथं मला मराठी म्हणतात. मराठ्याची वाडी कुठं, असं विचारत लोक येतात. गावाकडं गेलो तर तिथं सुरतवाला म्हणतात. कधी आला सुरतवाला, कधी जाणार सुरतवाला. घरात झोपायला खाट देतात पाहुण्याला देतात तशी.” तो क्रेटकडं बघून बोलत होता, माझ्याकडं नाही. “ह्या एका वांग्याला कोणी सुरतवालं म्हणत नव्हतं, ताई. ते जळगावचं होतं. मी दिवसभर त्याच्यात असायचो. तू मला विचारायचं तरी.”

“अरे, पण मग मला तुझा माल बंद करावा लागला असता! मी तुझ्यासाठीच...”

“बंद करायचा होता.”

एवढंच म्हणाला. आठवडाभर मी त्याला वाचवायचं म्हणून जीव टांगणीला लावून बसले होते, आणि त्याचं काय जातंय हे मला कळलंच नव्हतं. रडू फुटत होतं, आणि स्वतःचा असा संताप येत होता की काय सांगू. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं.

भाऊ निघून जाईल असं वाटलं मला. पण तो गेला नाही. काड्यांपाशी बसला, जाळ केला, वांगी मांडली.

तेवढ्यात कोसाडचे एक नेहमीचे काका गाडीवरून उतरले. म्हातारे, चष्मा लावूनही त्यांना लांबचं दिसत नाही. बोर्डाकडं त्यांनी पाहिलंही नाही. नेहमीसारखे हात चोळत जाळाजवळ आले आणि म्हणाले, “द्या हो ताई एक ताट. जळगावचं आहे ना?”

दिवसभर मी ह्या प्रश्नाचं उत्तर घोकून ठेवलं होतं. कामरेजचं आहे, काका, खाऊन बघा. चार-पाच साधे शब्द. पण भाऊ पाठमोरा बसला होता, आणि त्याच्या देखत ते माझ्या तोंडातून निघेना. ‘हो’ म्हणायची सोय नव्हती. मी नुसती ताट हातात घेऊन उभी राहिले. काका माझ्याकडं बघत होते.

भावानं मागं वळून पाहिलं नाही. जाळावरचं वांगं देठाला धरून फिरवलं, आणि म्हणाला, “नही, दादा. कामरेजनं शे.”